दुसरा रिमोट

बाबा मंडईच्या नाटकात राजा व्हायचे,
पुढच्या गावी डाकू.
तलवार तीच. पत्र्याची, मुठीला सुतळी.
विचारलं तर म्हणायचे,
"गोष्टी बदलतेत बे, हत्यार कोन बदलवते?"

त्यांनीच वडश्याहून आणला तो डबा,
नाटक कंपनीनं बिदागीऐवजी दिलेला.
एक कॅसेट, दोन रिमोट
आणि एक मुका पोरगा,
खांद्यावर घोंगडी, हातात पळसाच्या खोडाची ढाल.

उन्हाळाभर तो चालला.
मोहाचे दिवस. उन्हं चढायच्या आत
टोपल्या भरून आम्ही घरी,
मग दुर्वास खेळायचा, मी पाहायची.
ती गोष्ट एकट्याचीच होती,
दुसऱ्या रिमोटला तिच्यात काम नव्हतं.
तरी मी तो मांडीवर घेऊन बसायची,
त्याच्या वळणाला वळायची,
तो पडला की माझा गुडघा दुखायचा.

बुडालेल्या देवळात सहा दिवस अडकलो.
पाणी चढायचं, एक दार उघडायचं, दुसरं मिटायचं.
मी म्हटलं, खालचं तुडूम आधी उघड ना,
आपल्या तलावावर झिंगर काका उघडतेत तसं.
दुर्वास म्हणाला, चूप.
आणि खालचं उघडलं.

असं करत गोफण मिळाली,
शिंगाची तुतारी, काजव्यांची बाटली.
एकेका वस्तूची एकेक रात्र.
गोफणीच्या रात्री लाइन गेली,
खूण ठेवायची राहिली होती,
सगळं पुन्हा.
दुर्वास रडला. मी हसले,
मग अंधारात मीही.

दोन वर्षांनी दुसरी कॅसेट आली.
तिच्यात गोष्टच नव्हती.
एक आखाडा, आणि दहा गोष्टींतून उठून आलेले दहा जण.
लोखंडी अस्वल, मोटार हाकणारा बेडूक,
पंखवाली म्हातारी,
कोपऱ्यात आमचा मुका.
आई धान पाखडता पाखडता म्हणाली,
"हा त शंकरपट होय. गावोगावच्या जोड्या."

आखाड्यामागे तेच देऊळ होतं, अर्धं बुडालेलं.
पाणी मात्र रंगवलेलं. चढत नव्हतं.
आणि ती कुंभारीण, जिनं त्याला बाटली दिली होती,
कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती,
कोण जिंकतंय त्याच्याशी तिला काही नव्हतं.
आमचा अख्खा उन्हाळा एकेका बटणावर बसवलेला.
वर दाबलं की गोफण,
खाली दाबलं की तुतारी.

"याची गोष्ट खाल्ली यायनं,"
दुर्वास म्हणाला, आणि अस्वल घेतलं.

मी मुक्याला घेतलं.
दुसऱ्या रिमोटचा लाल दिवा
पहिल्यांदा माझ्यासाठी लागला.

गोफण सोडायच्या आधी तो
डावा पाय किंचित मागे घेतो,
ही सवय त्यानं जुन्या कॅसेटमधून आणली होती.
दुर्वासला दिसली नव्हती कधी,
तो राक्षसांकडे पाहायचा.
मी पायाकडे पाहिलेलं.
पाय मागे घेतला, गोफण सोडलीच नाही.
अस्वलानं उडी मारली रिकाम्यावर.
मग सोडली.

खाटेवर बाबा मिशीचा डिंक
खोबरेल लावून काढत होते.
अर्ध्या मिशीनं म्हणाले,
"पाय पाय त्याचा. मी बी असाच घेतो."
दुर्वास तीन दिवस बोलला नाही.

आता तो बुटीबोरीला, रात्रपाळीत.
मी ब्रह्मपुरीला मोबाइलच्या दुकानात
काच बदलते, स्पीकर बदलते.
काल एक पोरगा नवा आखाडा खेळत बसला होता,
चार्जिंगची वाट पाहत. आता सत्तर-ऐंशी जण आहेत म्हणे.
मुका होता. घोंगडी नाही, चेहरा नवा,
मार बसला की ओरडतोही.
समोरच्याकडून तो अंगावर आला
आणि डावा पाय मागे गेला.

मी काउंटरमागून म्हटलं, गोफण.
पोरगा म्हणाला, काकू, चूप.
आणि ढाल वर केली.